वचनाला शेजार असतो

लग्नानंतर नागपुरात आलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती मिहान या औद्योगिक भागातल्या एका गोदामाच्या ऑफिसात कंत्राटी कामगारांची पगारपत्रकं करते. तिनं लिहिलंय: "सलाम मावशी. रोज सकाळी मोबाइलवर बायबलचं एक वचन येतं. वाचते, प्रार्थना करते, पण १० वाजता कामाला बसले की त्यातलं काही आठवत नाही. दुसरं म्हणजे मोठ्या जाऊबाईंनी दीड वर्षापूर्वी माझ्याकडून ४०,००० रुपये नेले. मागितले की म्हणतात, ख्रिस्ती माणसानं सातांच्या सत्तर वेळा क्षमा करावी. आणि तिसरं, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हिशेबावरून दोन गट पडलेत. मला तिथं बसवत नाही. चार महिने झाले, घरीच यूट्यूबवर उपासना ऐकते. वचन आयुष्यात लागू करायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

बाळा, सलाम.

मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. ३१ वर्षं नर्सचं काम केलं आणि गेली १९ वर्षं नागपूरच्या सदर भागात दर बुधवारी बायांचा बायबल वर्ग घेते. जे सांगणार आहे ते वॉर्डात आणि त्या वर्गात शिकलेलं आहे. तुझे प्रश्न तीन दिसतात, पण मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. आपण वचन एकटं उचलतो आणि एकटेच वाचतो. वचनाला शेजार असतो. त्याच्या मागचं एक वचन, पुढचं एक वचन, ते ज्यांना सांगितलं ती माणसं. आणि वाचणाऱ्यालाही शेजार असतो, त्याला आपण मंडळी म्हणतो. हे दोन्ही शेजार तुटले की वचन तोंडपाठ होतं, पण हाताला लागत नाही.

आमच्या वर्गात एक आजी येतात. उमरेडकडच्या. त्यांना वाचता येत नाही. कुणीही वचन वाचलं की त्या विचारतात, "पण बाई, हे कोणाले सांगतलं व्हतं?" पहिल्या वर्षी मला या प्रश्नाचा कंटाळा यायचा. आता माझा सगळा वर्ग त्याच प्रश्नावर चालतो.

तुझ्या मोबाइलवर येणारं वचन बघ. यिर्मया २९:११ तुला निदान दहा वेळा तरी आलं असेल: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. आपल्या घराघरांत ते फ्रेम करून लावलेलं असतं. बारावीच्या निकालाच्या दिवशी पाठवतात, मुलगी बघायला पाहुणे येणार असले तरी पाठवतात. आता आजींचा प्रश्न विचार. हे सांगितलं होतं बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमेतून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना. घरदार गेलेलं, मंदिर दूर. इकडे यरुशलेमेत हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोनच वर्षांत सगळं परत येईल. यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलला पत्र लिहून कळवलं की नाही, ७० वर्षं लागतील. तो आकडा दहाव्या वचनात आहे, म्हणजे तुझ्या आवडत्या वचनाच्या अगदी वरच्या ओळीत. पत्र हातात पडलं तेव्हा जे चाळिशीत होते, त्यांना परतीचा दिवस दिसणार नव्हता.

मग ते वचन आपल्यासाठी नाही का? आहे. पण त्यातलं काम पाचव्या ते सातव्या वचनात सांगितलंय. घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात मी तुम्हांला नेलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. तू माहेर सोडून या उन्हाच्या शहरात आलीस. तुला दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगणारा हनन्या हवासा वाटणार, ते साहजिकच आहे. पण यिर्मया म्हणतो, इथे झाड लाव.

या ओळीवरून मला नेहमी हिस्लॉप साहेब आठवतात. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले. शुभवर्तमान सांगायला आलेला माणूस, पण त्यांनी शाळा चालवली, इथल्या दगडांचा अभ्यास केला, गोंडांच्या कथा-गाणी टिपून ठेवली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून परतताना ओढ्याच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचं कॉलेज तू सिव्हिल लाइन्समध्ये पाहिलं असशील. पराया शहरात आलेल्या माणसानं त्या शहराची माती हातात घेऊन बघितली. सातवं वचन लागू करणं ते हेच.

इथे आपल्या भाषेची एक गंमत सांगते, ती मला फार महत्त्वाची वाटते. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका माणसाला 'तू' म्हटलंय आणि पुष्कळांना 'तुम्ही'. पण आपण रोजच्या बोलण्यात एकट्या मोठ्या माणसालाही 'तुम्ही' म्हणतो. त्यामुळे प्रेषित पौलानं मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात 'तुम्ही' आलं की आपला कान फसतो. वाटतं, देव मला एकटीलाच आदरानं हाक मारतोय. खरं तर तिथे अख्खी मंडळी उभी असते. पुढच्या वेळी वाचताना प्रत्येक 'तुम्ही'च्या जागी 'तुम्ही सगळ्या जणी' असं मनात म्हणून बघ. इफिसकरांचं पत्र तर ओळखू येणार नाही इतकं बदलेल. "अखंड प्रार्थना करा" हेही थेस्सलनीकाच्या सगळ्यांना मिळून सांगितलंय. एकीचा डोळा लागला तर दुसरी जागी असते. रात्रपाळी केलेल्या बाईला हे पटकन कळतं.

आणि हे आकडे, अध्याय आणि वचनांचे? ते मूळ पत्रांत नव्हतेच. नव्या कराराला आजचे वचनांचे क्रमांक १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकानं घातले. फिलिप्पैच्या मंडळीला पत्र आलं तेव्हा कुणीतरी उभं राहून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं असणार आणि बाकीच्यांनी ऐकलं असणार. आज ते पत्र १०४ वचनांचं आहे. मोठ्यानं वाचायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आपण मात्र त्यातली एकच ओळ घेतो, ४:१३, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो. क्रिकेटच्या बॅटवर लिहिलेलं पाहिलंय मी. वरच्या ओळीत पौल म्हणतो की भुकेलं राहायचं कसं हे मी शिकलोय. खालच्या ओळीत म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. तो तुरुंगात होता आणि त्यांनी त्याला मदत पाठवली होती. 'सर्वकाही'मध्ये दुसऱ्याची मदत घेणंही आलं. आपल्यातल्या किती जणी हे वचन म्हणत म्हणत एकट्या झिजतात, आणि मदतीला हात पुढे करणं त्यांना अविश्वास वाटतो!

सकाळचं वचन बंद करू नकोस. फक्त ते वाचून मोबाइल खाली ठेवण्याऐवजी तो अध्याय उघड. वेळ नसेल तर वरच्या तीन ओळी आणि खालच्या तीन. आणि तुला सहज कळेल अशा मराठीत वाच, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं, आणि १९२२ साली डोळे मिटेपर्यंत त्याच कामात राहिल्या. साध्या बायांना समजावं एवढाच हट्ट होता त्यांचा.

आता तुझ्या १० वाजताच्या गोष्टीकडे येते. तू लिहिलंस की कामाला बसल्यावर वचन आठवत नाही. आठवायची गरज आहे असं मला वाटत नाही, ते तुझ्या टेबलावरच पडलंय. तू पगारपत्रकं करतेस ना? जुन्या करारातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक काढ, २४:१४-१५. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. तो मजूर तुमच्यातला असो की परका. याकोब ५:४ तर म्हणतो की शेतं कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेलंय. कंपनीचे नियम तुझ्या हातात नाहीत, मला माहीत आहे. पण हजेरीची फाइल तुझ्याकडे आज येते की उद्या, तू ती त्याच दिवशी पुढे सरकवतेस की शुक्रवारी, एखाद्या कामगाराच्या नावाचं स्पेलिंग चुकल्यामुळे पैसे अडकले तर तू फोन करतेस की तो स्वतः विचारायला येईपर्यंत थांबतेस, एवढं तर तुझ्या हातात आहे. त्या माणसाच्या घरी त्या दिवशी किराणा येतो की नाही हे त्यावर ठरतं. तुझ्या ऑफिसात प्रार्थना करायला जागा नसेल कदाचित. ती फाइल हीच तुझी जागा.

एक सावधगिरी सांगते. कलस्सै ३:२३ तुला कुणीतरी ऐकवेल, जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. खरं आहे, सुंदर आहे. पण ते दासांना सांगितल्यावर पौल पुढच्याच दमात, ४:१ मध्ये, धन्यांकडे वळतो आणि म्हणतो की तुम्ही आपल्या दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा. पहिलं वाक्य साहेबाला पाठ असतं, दुसरं नसतं. दोन्ही शेजारी आहेत.

जाऊबाईंचं प्रकरण नाजूक आहे, म्हणून सावकाश लिहिते.

'सातांच्या सत्तर वेळा' हे मत्तय १८:२२ आहे. तो अख्खा अध्याय आज रात्री बसून वाच. सुरुवातीला लेकरू आहे, मग लहानांना अडखळवणाऱ्याला कडक इशारा, मग हरवलेलं मेंढरू. त्यानंतर पंधराव्या वचनापासून, तुझ्या भावानं तुझा अपराध केला तर जा, एकांतात त्याचा दोष त्याला दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. तरी नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला विदेशी किंवा जकातदारासारखा होवो. आणि त्यानंतर पेत्र या शिष्याचा प्रश्न, किती वेळा क्षमा करू? म्हणजे ज्या श्वासात प्रभू येशूनं क्षमा सांगितली, त्याच श्वासात तोंडावर जाऊन सांग हेही सांगितलं. जाऊबाईंनी तुला अध्यायाचं शेपूट दिलं आणि धड स्वतःकडे ठेवलं.

जाता जाता विसावं वचनही बघ. दोघं किंवा तिघं माझ्या नावानं जमलेत तिथं मी आहे. प्रार्थनासभेला तीन बाया आल्या की आपण हे म्हणून एकमेकींचं समाधान करतो. पण ते आलंय भांडण मिटवायला बसलेल्या दोघा-तिघांच्या संदर्भात. दोन माणसं तुटलेलं नातं जोडायला अवघडून समोरासमोर बसतात, तिथं तो असतो. माझ्यासाठी हे वचन इथे वाचल्यावर कितीतरी मोठं झालं.

आता अध्यायाच्या शेवटचा दृष्टान्त. एका दासाला दहा हजार तालांत, म्हणजे कधीच न फिटणारं कर्ज, माफ झाले आणि त्यानं बाहेर जाऊन सोबतीच्या शंभर दीनारांसाठी त्याची नरडी धरली. आपण शिकवतो की शंभर दीनार म्हणजे किरकोळ. पण मत्तय २० मध्ये एक दीनार ही मजुराची दिवसाची रोजी आहे. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांचा घाम. प्रभूला तो आकडा किरकोळ वाटत नव्हता, आणि तुझे ४०,००० ही किरकोळ नाहीत. दहा हजार तालांतांपुढे ठेवल्यावरच ते लहान दिसतात. आणखी एक बघ, ज्यानं शंभर दीनार द्यायचे होते तो पाया पडून म्हणतो, मला वेळ दे, मी फेडीन. देणं नाकारत नाही तो. तुझ्या जाऊबाईंनी अजून ते वाक्य म्हटलेलं नाही. लूक १७:३ मध्ये प्रभू स्पष्ट म्हणतो की भावानं अपराध केला तर त्याला दटाव आणि त्यानं पश्चात्ताप केला तर क्षमा कर.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. आधी एकटीनं गेले असते. नवऱ्याला मध्ये घातलं नसतं, सासूबाईंना तर नाहीच, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुकूनही एक शब्द नाही. दुपारी, चहाच्या वेळी. आधी विचारलं असतं, "वहिनी, सध्या घरात कसं चाललंय? काही अडचण आहे का?" हे मनापासून विचारायचं, कारण दीड वर्ष पैसे न देणाऱ्या माणसाकडे बरेचदा खरंच नसतात आणि लाज वचनाच्या आड लपते. मग पैशाचं बोलायचं, आकड्यासकट. महिन्याला दोन हजार जमत असतील तर दोन हजार, कागदावर लिहून.

कागदाला घाबरू नकोस. फिलेमोनाचं पत्र अख्खं याच विषयावर आहे. अनेसिम नावाचा दास फिलेमोनापासून गेला होता, त्याला पौल परत पाठवतोय. पौल असं म्हणत नाही की तू ख्रिस्ती आहेस, सोडून दे. तो म्हणतो, त्यानं तुझं काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी पौल स्वहस्ते लिहितोय, मी फेडीन. प्रेषितानं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून दिली. आणि ते पत्र एकट्या फिलेमोनाला नाही, अफ्फिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरी जमणारी मंडळी, सगळ्यांच्या नावानं आहे. घरातल्या देण्याघेण्याचा प्रश्न अख्ख्या मंडळीच्या कानावर वाचला गेला असणार.

दुसरी वाटही आहे. तुला परवडत असेल आणि मनापासून जमत असेल तर पैसे सोडून दे. पण तसं सांगून सोड. "वहिनी, ते पैसे मी सोडले, आता तो विषय आपल्यात नाही." आणि मग खरंच नाही. दिवाळीला नाही, नाताळला नाही, भांडणात तर नाहीच. मी तुला एकच वाट धरू नकोस म्हणेन, ती म्हणजे तोंडानं क्षमा आणि पोटात हिशेब. ती वाट आपल्या घरांत सगळ्यात जास्त चालते आणि तिनं माणसं आजारी पडतात. बिघडलेल्या बीपीच्या किती बायांच्या खाटेशेजारी रात्री बसून मी अशा जुन्या हिशेबांच्या गोष्टी ऐकल्यात.

क्षमेचं बोलले आहे तर आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. तुला लागू नसेल, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी असेल. वॉर्डात एकदा एक बाई आली, मनगट मोडलेलं, डोळ्याखाली काळंनिळं. आपल्यातलीच होती. म्हणाली, पडले. पहाटे प्लास्टर सुकत असताना म्हणाली की नवऱ्यानं मारलं, आणि मंडळीतल्या एका वडिलांनी सांगितलं होतं, क्षमा कर, सोस, एक दिवस तो बदलेल. त्या दिवशी मला वचनाचा पहिल्यांदा राग आला. नंतर कळलं की राग वचनाचा नव्हता. त्याच मत्तय १८ मध्ये, या लहानांतल्या एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं असं प्रभू म्हणतो. मारणाऱ्याच्या घरात राहा असं शास्त्र कुठल्याही बाईला सांगत नाही. जिवावर उठलेल्या शौल राजाला दावीदानं क्षमा केली, हाती सापडला तरी दोनदा जिवंत सोडलं, पण तो त्याच्या घरी परत गेला नाही, गुहांत लपून राहिला. क्षमा गुहेत राहूनही करता येते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, महिलांसाठी १८१ क्रमांक आहे. तिथे फोन करणं अविश्वास नाही.

आता मंडळी.

हिशेबावरून दोन गट पडलेत म्हणतेस. एक गट म्हणत असेल की हिशेब मागणं म्हणजे देवाच्या सेवकांवर संशय, आणि दुसरा म्हणत असेल की सगळे खातात. मी तुमची वही पाहिलेली नाही, कोण बरोबर ते मी सांगणार नाही. पण २ करिंथ ८:१९-२१ दोन्ही गटांसमोर ठेवता येईल. यरुशलेमेच्या गरिबांसाठी पैसे गोळा केले होते, ते न्यायला पौल एकटा जात नाही. मंडळ्यांनी नेमलेला एक बंधू सोबत घेतो आणि कारणही देतो, की या मोठ्या रकमेवरून आमच्यावर कुणी दोष ठेवू नये. जे चांगलं ते प्रभूच्याच दृष्टीनं नव्हे, माणसांच्याही दृष्टीनं दिसावं. पौलाला स्वतःच्या प्रामाणिकपणाची खात्री असूनही त्यानं साक्षीदार घेतले. म्हणजे हिशेब दाखवायला राग यायचं कारण नाही, आणि मागणाऱ्यानंही वार्षिक सभेत उभं राहून नीट मागावा. उपासना सुटल्यावर गेटजवळ कुजबुजून नाही. आणि "तुला प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" असं म्हणून तर मुळीच नाही. या एका वाक्यानं आपल्या मंडळ्यांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या विरोधकानं केलं नसेल.

भांडण झालं म्हणजे मंडळी खोटी, असं मनात आणू नकोस. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्याच अध्यायात कुरकुर आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषितांनी त्यांना गप्प केलं नाही. सात माणसं निवडली, आणि सातांचीही नावं ग्रीक आहेत. जे तक्रार करत होते त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती पळी दिली. आपल्याकडे प्रीतिभोजनाला तरी हे करून बघायला काय हरकत आहे? दरवर्षी वाढायला तीच चार घरं असतात आणि शेवटच्या पंगतीला येणाऱ्या, दोन बस बदलून वस्तीतून पोचणाऱ्या बायांना रस्सा उरतो. १ करिंथ ११ मध्ये प्रभुभोजन अयोग्य रीतीनं घेण्याबद्दल लिहिलंय, ते वाचून आपण आपली गुप्त पापं आठवत बसतो. पण तिथला दोष हा होता की एक भुकेला राहत होता आणि दुसरा पिऊन मस्त होत होता. पौलाचा शेवटचा उपायही केवढा साधा आहे! जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

भिन्न मताच्या माणसांनी एकत्र राहण्याचा एक मोठा धडा तर आपल्याच नागपुरात झाला. २९ नोव्हेंबर १९७० ला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, जिला आपण सीएनआय म्हणतो. बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर. त्यांच्यातले बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स म्हणायचे की विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा. बाकीचे तान्ह्या बाळांनाही देत. हा काही पडद्याच्या रंगाचा वाद नव्हता. तरी दोन्ही पद्धती एका मंडळीत ठेवायचं ठरलं. बोलणी सुरू करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तो दिवस बघायला राहिले नसतील. तुमचा वाद एका वर्षाच्या वहीचा आहे.

यूट्यूबबद्दल तुला रागावणार नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती मोठी सोय आहे, आणि मनावर आघात झालेल्या माणसालाही काही दिवस लांब बसावं लागतं. इब्री १०:२५, एकत्र जमणं सोडू नका, हे वचन लोक काठीसारखं वापरतात, तेही मला आवडत नाही. ज्यांना ते लिहिलं त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, ३४ व्या वचनात आहे. भीतीनं घरी बसलेल्या माणसांना दिलेला तो धीर होता. पण २४ वं वचन वाच, प्रीती आणि सत्कर्मं यांसाठी एकमेकांना उत्तेजन द्या. एकमेकांना. नव्या करारात हा शब्द फार येतो. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांची क्षमा करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. पडद्यासमोर बसून संदेश ऐकता येतो, गीत म्हणता येतं, पण 'एकमेकां'चं काही करता येत नाही, कारण समोर कुणी नसतं. चार महिन्यांत तुझं वचन हाताला लागेनासं झालं, त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

लगेच मधल्या बाकावर जाऊन बसायची गरज नाही. या रविवारी मागच्या बाकावर बस, आणि कुठल्याही गटात नसलेली एक व्यक्ती शोध. अशी माणसं असतात, बहुतेक म्हातारी किंवा नवीन आलेली. उपासना सुटल्यावर तिची विचारपूस कर. गेटजवळचं बोलणं सुरू झालं तर चप्पल घालून नीघ. दोन-तीन रविवार एवढंच पुरे.

आणि बुधवारी संध्याकाळी साडेपाचला आमच्याकडे ये. कूलर एकच आहे, लवकर आलीस तर त्याच्यासमोर जागा मिळेल. योगायोग बघ, आम्ही या बुधवारी फिलेमोनच घेतोय. २५ वचनांचं पत्र, वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. या वेळी तू वाच. आजींच्या उजव्या बाजूला बस, त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि वाचून झालं की त्या काय विचारणार ते तुला आता माहीत आहेच.